डी७५० की झेड५० टू : ट्रेक, गॅदरिंग आणि काचेचं वजन

साताऱ्याजवळच्या एका हायस्कुलातल्या सरांचा प्रश्न आहे. हातात काही वर्षं वापरलेला निकॉन डी५६०० आहे. सोबत १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी), ३५ एमएम एफ/१.८ जी आणि मामांकडून आलेली जुनी ५० एमएम एफ/१.८ डी. महिन्यातून एक-दोन ट्रेक, सप्टेंबरात कास, हिवाळ्यात अधूनमधून मायणीच्या तलावावर पक्षी, वर्षातून एकदा शाळेचं गॅदरिंग आणि नात्यातली लग्नं, जिथे ‘तुझ्याकडे कॅमेरा आहे ना’ म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही. आता एक मित्र त्याचा फुल-फ्रेम डी७५० आणि २४-१२० एफ/४ विकायला काढतोय. त्याच पैशांत थोडी भर घातली तर नवा झेड५० टू, १६-५० आणि ५०-२५० या दोन लेन्ससकट येतो. मित्र म्हणतो, फुल-फ्रेम ते फुल-फ्रेम. मुलगी म्हणते, आता डीएसएलआर कोण घेतं? मग काय घ्यावं?

सर, निकाल आधी सांगतो, कारणं नंतर. तुम्ही जे लिहिलंय ते तसंच असेल तर झेड५० टू घ्या, पण किटमधल्या दोन लेन्सवर भागेल असं समजू नका. आणि तुमच्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त फोटो संध्याकाळनंतर छपराखाली काढलेले असतील, तर मुलीचं ऐकू नका, डी७५० घेऊन टाका.

तुमचा मित्र आणि मुलगी दोघं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. मित्र बोलतोय सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चकतीच्या, आकाराबद्दल, मुलगी बोलतेय आरशाबद्दल. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो, झेड५० टू सारख्या मिररलेसमध्ये तो नसतो. फुल-फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. तुमच्या डी५६०० मधला आणि झेड५० टू मधला सेन्सर साधारण २३.५ बाय १५.७ चा, म्हणजे क्षेत्रफळात निम्म्याहूनही लहान. आरसा असणं-नसणं ही निराळी बाब आहे. फुल-फ्रेम मिररलेसही असतात आणि तुमचा डी५६०० हा लहान सेन्सरचा डीएसएलआर आहेच. दुकानात मात्र या दोन गोष्टींची अशी मोट बांधून सांगतात की मिररलेस म्हणजे लहान आणि हलका, डीएसएलआर म्हणजे मोठा आणि ‘प्रोफेशनल’.

आरसा काढल्याने वजन किती वाचतं ते बघा. डी७५० बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम आणि २४-१२० लेन्स ७१० ग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या वर. निकॉनचाच फुल-फ्रेम मिररलेस झेड५ घेतला तर बॉडी ६७५ ग्रॅम, त्याची २४-१२० एफ/४ ६३० ग्रॅम, एकूण १३०५. आरसा गेला, पेंटाप्रिझम (व्ह्यूफाइंडरवरचा काचेचा लोलक) गेला आणि वाचले अडीचशे ग्रॅम. आता झेड५० टू : बॉडी ५५० ग्रॅम, १६-५० फक्त १३५ ग्रॅम. वर ५०-२५० टाकली तरी ४०५ ग्रॅमच वाढतात. दोन लेन्ससकट सगळं मिळून अकराशे ग्रॅमच्या आत. वजन आरशात थोडं आणि काचेत जास्त आहे. मोठ्या सेन्सरला प्रकाश पुरवणारी काच मोठीच लागते, त्यात कुठल्याच कंपनीला पळवाट सापडलेली नाही. ती काच तुम्ही पाठीवर वाहणार आहात का, इतकाच खरा प्रश्न आहे.

पण हलकेपणा फुकट मिळत नाही. तो १३५ ग्रॅमचा चमत्कार कशामुळे शक्य झाला, तर ती लेन्स अंधारी आहे म्हणून. एफ पुढचा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून प्रकाश कमी. १६ एमएमला एफ/३.५ आणि ५० एमएमला पोचेपर्यंत एफ/६.३. दुपारी किल्ल्यावर याचं काही बिघडत नाही. गॅदरिंगला बिघडतं.

तुमच्या शाळेच्या गॅदरिंगचंच गणित मांडू. पटांगणात मंडप, स्टेजवर दोन-चार हॅलोजन किंवा एलईडी, पोरं लेझीम खेळताहेत. हालचाल गोठवायला १/२५० सेकंद तरी हवा. समजा डी७५० आणि २४-१२० वर एफ/४ ला आयएसओ ६४०० वर एक्स्पोजर जमतंय. आयएसओ म्हणजे कमी प्रकाश किती वाढवून घ्यायचा तो आकडा, तो चढला की फोटो रवाळ होतो. डी७५० ला ६४०० अगदी आरामात झेपतो, थोडा ग्रेन दिसेल पण चेहरे स्वच्छ. त्याच प्रकाशात झेड५० टू वर १६-५० ताणून एफ/६.३ ला गेलात तर आयएसओ लागणार १६,०००. आणि लहान सेन्सरवरचे सोळा हजार म्हणजे फुल-फ्रेमवरच्या साधारण पस्तीस हजारांसारखे दिसतात. चेहऱ्यांचा मेणाचा गोळा होतो. मित्राचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

आता तिसरं गणित. तोच झेड५० टू, पण त्यावर (अडॅप्टर लावून) ३५ एफ/१.८. एफ/१.८ आणि एफ/४ यांत प्रकाशाचा फरक जवळजवळ पाचपट आहे, त्यामुळे आयएसओ उतरतो तेराशेच्या आसपास. लहान सेन्सरचा तोटा धरूनही हा फोटो डी७५० आणि एफ/४ झूमच्या फोटोपेक्षा एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त स्वच्छ निघेल. किंमत एवढीच की झूम गेला, पुढे-मागे पायांनी व्हायचं, आणि एफ/१.८ ला मागच्या रांगेतली पोरं थोडी मऊ येतील. ही लेन्स तर तुमच्याकडे आहेच! गेल्या वर्षीचे गॅदरिंगचे फोटो ती वापरून काढलेत की १८-५५ वर, ते एकदा तपासा. १८-५५ वर काढले असतील तर तुमची अडचण कॅमेऱ्याची नव्हतीच.

तुम्ही लगेच विचाराल, डी७५० वर एफ/१.८ लावली तर? लावा. मामांची ५० एमएम त्यावर लावली की तेवढीच फ्रेम मिळते आणि प्रकाशाचा आणखी एक स्टॉप हातात येतो. सारखी काच दोन्हीकडे लावली की मोठा सेन्सर जिंकतो, त्यात वाद नाही. साधारण एका स्टॉपच्या थोडं वर, एवढा तो विजय आहे. दहा वर्षांपूर्वी मी हा एक स्टॉप मिळवायला वाटेल ते केलं असतं. आता नॉइज, म्हणजे हा रवाळपणा, काढणारी सॉफ्टवेअर इतकी सुधारली आहेत की रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलेला फोटो लाइटरूमच्या डीनॉइजमधून काढला की तो एक स्टॉप बराचसा भरून निघतो. फक्त शेकडो फोटोंवर ते चालवायचं तर तुमचा लॅपटॉप रात्रभर घरघरणार, हे लक्षात ठेवा.

फोकसबद्दल मात्र मला जरा थांबून सांगायचंय, कारण डीएसएलआर आणि मिररलेसमधला रोज जाणवणारा फरक तिथे आहे. डीएसएलआरमध्ये फोकस ठरवणारं यंत्र सेन्सरवर नसतं. आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो, तो थोडा प्रकाश कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या वेगळ्या सेन्सरकडे पाठवतो आणि तिथे अंतर मोजलं जातं. तळापर्यंतचं अंतर आणि सेन्सरपर्यंतचं अंतर अगदी तंतोतंत जुळलं तरच फोकस नेमका बसतो. केसभर फरक पडला की डोळ्यावर नेम धरावा आणि फोकस कानावर बसावा. एफ/८ ला हे कळतही नाही, एफ/१.८ ला लगेच डोळ्यात येतं. डी७५० च्या मेनूत प्रत्येक लेन्ससाठी ही चूक दुरुस्त करायची सोय आहे, तुमच्या डी५६०० मध्ये ती नाही. ३५ एमएम वर एफ/१.८ ला फोटो ‘जरा सॉफ्ट’ येतात अशी तुमची तक्रार असेल तर लेन्सला दोष देण्याआधी हे तपासा : कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघत) एक फोटो काढा आणि व्ह्यूफाइंडरमधून एक. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि दुसरा मऊ आला तर काय ते समजा. मिररलेसमध्ये मोजणी थेट सेन्सरवरच होते, त्यामुळे हा प्रकारच उद्भवत नाही.

दुसरा भाग फोकसच्या बिंदूंचा. डी७५० ला ५१ बिंदू आहेत, अंधारातही ते चिवट आहेत, पण फुल-फ्रेमच्या चौकटीत सगळे मधोमध गर्दी करून बसलेत. नवरीचा उभा फोटो घ्या. तिचा डोळा चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात येतो आणि तिथे बिंदू पोचत नाही. मग मधल्या बिंदूने फोकस करा, बटण अर्धं दाबून धरा, फ्रेम हलवा, क्लिक करा. जवळून एफ/१.८ ला एवढ्या हलण्यातही फोकस सुटतो. त्यात आपल्या लग्नात मुंडावळ्या. कपाळावरून गालांपर्यंत लोंबणारे ते मोती डोळ्यांच्या बोटभर पुढे असतात, चकाकतात, सतत हलतात. फोकसच्या बिंदूला असा कॉन्ट्रास्ट मिळाला की तो तिथेच जाऊन बसतो. मोती खणखणीत, डोळे धूसर. अंतरपाट खाली येतो, दोघं एकमेकांकडे बघतात, अक्षता उडतात, त्या दोन सेकंदांत मोती बाजूला सारून डोळा पकडायचा असतो. झेड५० टू डोळा ओळखतो, चौकटीत कुठेही असला तरी त्याच्यामागे जातो आणि चेहऱ्यासमोरून अक्षता पडत असतानाही बहुतेक वेळा सोडत नाही. ‘बहुतेक वेळा’ म्हटलं, कारण अक्षतांचा मारा जोरात झाला तर तोही गडबडतो. तरी यातला फरक फार मोठा आहे, आणि सराव कमी असलेल्या हातात तर आणखीच मोठा.

पैसे घेऊन लग्नं करणार असाल तर एक गोष्ट उलट्या बाजूला टाका. डी७५० मध्ये दोन कार्डं बसतात, झेड५० टू मध्ये एकच. दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो एकाच कार्डावर ठेवून मला झोप लागत नाही. नात्यातल्या लग्नात तुमच्याबरोबर पैसे घेतलेला फोटोग्राफर असणारच, तेव्हा तुम्हाला चालेल.

आवाजाचं म्हणाल तर डी७५० चा आरसा खाड्कन वाजतो. त्याचा ‘क्वाएट’ मोड आहे, पण तो नावापुरता. शाळेत एखादं नाटक किंवा गाण्याची बैठक असेल आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून खाडखाड करत असाल तर गाणारी मुलगी बिचकते, मुख्याध्यापक वळून बघतात. मी नाटकांच्या रंगीत तालमींना आणि मैफलींना मिररलेस नेतो ते मुख्यतः यासाठी. इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की काही म्हणता काही ऐकू येत नाही. त्याचे दोन ताप मात्र आहेत. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात गर्रकन फिरणारा दांडपट्टा फोटोत विळ्यासारखा वाकलेला दिसतो. आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवलं तर पट्टे जातात, पण मग लेझीम हलते. म्हणून गाणं असेल तर इलेक्ट्रॉनिक, लेझीम असेल तर साधं मेकॅनिकल शटर, एवढं पाळा.

डी७५० हातात घेऊन डोळा लावलात की पहिल्याच क्षणी प्रेमात पडाल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. डी५६०० च्या बोगद्यातून बघायची सवय झालेल्या माणसाला तो मोठा, उजळ व्ह्यूफाइंडर म्हणजे खिडकी उघडल्यासारखा वाटतो. काचेतून थेट आलेला प्रकाश, विलंब शून्य. मिररलेसमध्ये तुम्ही एक छोटा टीव्ही बघत असता आणि अंधारात त्यावर मुंग्या दिसतात. पण तो टीव्ही क्लिक करण्याआधीच फोटो उजळ येणार की काळा ते दाखवतो. दुपारी कातळावर उभे असताना मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, तेव्हा काढलेला फोटोही त्यातच बघता येतो. आणि चाळिशी लागली असेल तर आणखी एक सुख आहे, ज्याबद्दल दुकानदार कधी बोलत नाही : व्ह्यूफाइंडरचं चक्र एकदा आपल्या नंबरला जुळवलं की मेनू वाचायला, फोटो मोठा करून फोकस तपासायला जवळचा चष्मा काढावा-घालावा लागत नाही. वर्गात फळ्याकडे बघायला एक चष्मा आणि वही तपासायला दुसरा असं तुमचं होत असेल, तर याची किंमत तुम्हाला कळेल.

आता ट्रेक. तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त वेळा हाच शब्द आलाय, म्हणून माझा निकाल इथे ठरला. राजगडच्या बालेकिल्ल्याचा शेवटचा टप्पा आठवा. कातळात खोदलेल्या खोबण्या, बाजूला रेलिंग, दोन्ही हात गुंतलेले. गळ्यातला दीड किलोचा कॅमेरा पुढे झुकलात की कातळावर आपटतो, म्हणून लोक खाली असतानाच तो सॅकमध्ये टाकतात. सॅकमध्ये गेला की मग वर दरवाजापाशी, ऊन तिरपं होऊन सुवेळा माचीवर सावल्या लांबत असताना, सॅक उतरवा, चेन उघडा, डबा-बाटली बाजूला करा, एवढं कोणी करत नाही. मोबाइल निघतो. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी एक क्लिप मिळते, तिच्यात कॅमेरा अडकवून चालता येतं. ५५०-७०० ग्रॅमचा कॅमेरा त्यावर दिवसभर जाणवत नाही. दीड किलो लावला तर पट्टा एका बाजूला ओढतो आणि दुपारपर्यंत मान धरते. मी दोन्ही करून बघितलंय.

लँडस्केपमध्ये डी७५० चा सेन्सर सरस आहे, हे कबूल. कोकणकड्यावर सूर्य समोर आणि दरी काळोखात असा फोटो काढून नंतर सावल्या उजळवल्या तर त्यातून निघणारे रंग आजही थक्क करतात. २०१४ चा कॅमेरा आहे, पण सेन्सर म्हणून म्हातारा झालेला नाही. पण ट्रायपॉड असेल आणि आयएसओ १०० असेल तर झेड५० टू मधला फोटो बारा बाय अठरा इंचांच्या प्रिंटवर बाजूला ठेवून कुठला कशाचा हे सांगणं फार कठीण आहे. त्याच्या २०.९ मेगापिक्सेलमध्ये ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) बारा बाय अठरा नेमकं बसतं. लग्नाच्या अल्बमचं पान याहून मोठं नसतं. तुमच्या घरातली सगळ्यात मोठी फ्रेम कदाचित याहून लहान असेल.

कासला तर लहान सेन्सर उलट कामाला येतो. सीतेची आसवं किंवा त्याहून बारीक फुलं जवळून टिपताना अडचण पार्श्वभूमी धूसर करायची नसते, आख्खं फूल फोकसमध्ये आणायची असते. तेवढीच फ्रेम आणि तेवढीच खोली मिळवायला फुल-फ्रेमवर एफ/११ लागत असेल तर झेड५० टू वर एफ/७.१ पुरतो. बाहेर उघडणारी फिरती स्क्रीन असल्यामुळे वाटेवर बसून कॅमेरा तेवढा खाली धरता येतो, फुलांत आडवं पडावं लागत नाही. तिथले रखवालदार दुवा देतील.

पाऊस आणि धुकं या बाबतीत दोन्हींवर आंधळा विश्वास नको. डी७५० च्या बॉडीला सांध्यांवर रबरी सील आहेत आणि ती तुषार सहन करते, पण सील बॉडीला असून लेन्सला नसतील तर पाणी माउंटमधून (लेन्स बसते त्या कडीतून) आत जातंच. १६-५० सारखी लहान किट लेन्स पावसात उघडी धरायची वस्तू नव्हे. मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून रबरबँडने लेन्सला बांधणं हा उपाय अजून कोणी मागे टाकलेला नाही. घरी आल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आत छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. साताऱ्यात जून ते सप्टेंबर कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवलात तर बुरशी आरसा बघून येत नाही.

बॅटरीत डीएसएलआर सरळ जिंकतो. डी७५० च्या एका चार्जवर कंपनीच्या मोजणीने १,२३० फोटो, झेड५० टू वर अडीचशेच्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही त्याहून बरेच जास्त देतात, पण प्रमाण साधारण तेच राहतं. दोन जास्तीच्या बॅटऱ्या घ्याव्याच लागतील, त्याचे पैसे आत्ताच हिशेबात धरा. उलट बाजूला, झेड५० टू यूएसबी-सी वरून पॉवरबँकवर चार्ज होतो. डी७५० ला भिंतीतला प्लग लागतो, आणि गडावरच्या देवळात मुक्काम असेल तर भिंत असते, प्लग नसतो.

मायणीला पक्षी काढायचे तर २४-१२० ने काही होणार नाही. फुल-फ्रेमवर पक्ष्यांसाठी निकॉनची वाजवी वाट म्हणजे २००-५०० एफ/५.६, आणि ती एकटीच २.३ किलो. ५०-२५० ची नजर फुल-फ्रेमच्या ३७५ एमएमइतकी लांब जाते आणि झेड५० टू पक्षी ओळखून फोकस धरतो. सकाळच्या चांगल्या उन्हात बगळे-शराटी छान येतील. झाडीतला लहान पक्षी येणार नाही, त्याची आशा ठेवू नका.

व्हिडिओचं एका ओळीत : शाळेसाठी व्हिडिओ काढायचा असेल तर प्रश्नच उरत नाही, डी७५० ४के काढत नाही आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये त्याचा फोकस चाचपडतो.

तुमच्या तीन लेन्सचं काय होईल ते नीट बघा, कारण गोम इथे आहे. १८-५५ आणि ३५ या लहान सेन्सरसाठीच्या लेन्स आहेत. डी७५० वर त्या लागतील, पण कॅमेरा मधला भाग कापून घेईल आणि २४ मेगापिक्सेलमधले दहाच उरतील. मामांची ५० डी ही स्क्रू-ड्राइव्हची लेन्स, तिच्यात मोटर नाही. डी५६०० मध्ये फिरवणारी मोटर नाही म्हणून आज तुम्ही ती हाताने फोकस करता. डी७५० मध्ये ती मोटर आहे, त्यामुळे लेन्स नव्याने जिवंत होईल. झेड५० टू वर जुन्या लेन्स लावायला एफटीझेड टू अडॅप्टर लागतो. त्यावर ३५ एमएम ऑटोफोकससह उत्तम चालेल, पण ५० डी पुन्हा हातानेच, कारण अडॅप्टरमध्येही मोटर नाही. फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसच्या कडा रंगवून दिसतात, म्हणून हाताने फोकस करणं डी५६०० पेक्षा खूप सोपं जाईल. अडॅप्टरवर खर्च करण्यापेक्षा मी ते पैसे थेट झेड माउंटच्या उजळ लेन्सवर घालीन. निकॉनची स्वतःची २४ एफ/१.७ आहे १३५ ग्रॅमची, ४० एफ/२ आहे १७० ग्रॅमची, आणि सिग्माच्या एफ/१.४ वाल्या ३० आणि ५६ आता या माउंटमध्ये आल्यात. गॅदरिंग आणि लग्न यांसाठी सिग्मा ३०. दुकानदार ५०-२५० शिवायचं एका लेन्सचं किट द्यायला तयार असेल आणि पक्षी खरोखरच अधूनमधूनच असतील, तर ५०-२५० सोडा आणि ३० घ्या. तुमच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच.

निकॉन आणि कॅनन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. त्यामुळे डी७५० घेणं म्हणजे थांबलेल्या रस्त्यावरचं घर घेणं आहे, हे मुलीचं म्हणणं खरं. पण त्याच कारणाने एफ माउंटच्या उत्तमोत्तम लेन्स जुन्या बाजारात आज स्वस्त झाल्यात, आणि चालू असलेला कॅमेरा केवळ मॉडेल बंद झालं म्हणून फोटो काढायचा थांबत नाही. ज्याला ट्रेकला न्यायचाच नाही, स्टुडिओ-समारंभ करायचे आहेत आणि हाताशी फार पैसे नाहीत, त्याला मी आजही डी७५० घ्यायला सांगतो.

तरीही मित्राचाच घ्यायचा ठरला, तर मैत्री बाजूला ठेवून तपासा. त्याच्याकडून आज काढलेली मूळ जेपेग मागवा, तिच्यातल्या एक्झिफ माहितीत (फाइलबरोबर साठवलेल्या नोंदीत) शटर काउंट, म्हणजे आजवरच्या क्लिकचा आकडा, असतो. हे शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, लाखाच्या पुढे गेलं असेल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. डी७५० च्या सुरुवातीच्या काही बॅचमध्ये शटरची अडचण निघाली होती आणि निकॉनने ती दुरुस्ती मोफत देऊ केली होती. सिरियल नंबर त्यात येतो का आणि येत असेल तर काम झालंय का, हे विचारा. २४-१२० काढून तिच्या मागचा छोटा खटका बोटाने सरकवून पाकळ्या उघडा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की तिथेच थांबा. लेन्स साफ होते, पण कोटिंगवर उमटलेले डाग जात नाहीत. एफ/१६ ला आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरची धूळ बघा, ती मात्र किरकोळ. विटांच्या भिंतीवर एफ/४ ला दोन्ही टोकांना फोकस तपासा.

आणि पैसे देण्याआधी मित्राकडून तो कॅमेरा एका रविवारसाठी मागून घ्या. अजिंक्यताऱ्यावर नेऊ नका, वर गाडी जाते, काहीच कळणार नाही. बामणोलीहून लाँच पकडून वासोट्याला न्या. जंगलातली चढण आहे, परतीच्या लाँचची वेळ सांभाळून उतरायचं असतं. संध्याकाळी घरी येऊन बघा, चढताना किती फोटो काढलेत आणि उतरताना किती. उतरतानाचे फोटो चढतानाच्या निम्मे तरी असतील तर डी७५० तुम्हाला झेपतो, बिनधास्त घ्या, माझा निकाल विसरा. मामांची ५० डी मात्र काहीही घेतलंत तरी विकू नका. तिचे कोणी धड चहापाण्याएवढेही देणार नाही, आणि वर्गातल्या एखाद्या पोराच्या हातात डी५६०० सोबत दिलीत तर तो हाताने फोकस करायला त्यावरच शिकेल.